तीनच मिती का?

लांबी, रुंदी आणि उंची या तीन मापांत घराच्या पायापासून आकाशगंगेपर्यंत सारे काही बसते. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली आहे की, तिला काही कारण असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. इमॅन्युएल कांटला ती आली. १७४७ च्या सुमारास, ऐन तारुण्यात लिहिलेल्या आपल्या पहिल्याच ग्रंथात त्याने अवकाशाच्या तीन मितींचा संबंध व्यस्त वर्गाच्या नियमाशी जोडला. अंतर दुप्पट झाले की आकर्षण चौथाईवर येते, हा तो नियम. दिव्याचा प्रकाश दूर जाताना ज्या गोलावर पसरतो, त्याचे पृष्ठफळ अंतराच्या वर्गाने वाढते; बळही तसेच विरळ होत जाते. चार मिती असत्या, तर वर्गाच्या जागी घन आला असता आणि दुप्पट अंतरावर आकर्षण अष्टमांश उरले असते.

लायडनचे प्राध्यापक पॉल एरेनफेस्ट यांनी १९१७ मध्ये ही साखळी दुसऱ्या टोकाने धरली. चार वा अधिक मितींच्या अवकाशात ग्रहाची कक्षा टिकत नाही, असे त्यांनी गणिताने दाखवले. किंचित धक्का लागला, तरी ग्रह एक तर सूर्यात कोसळेल, नाही तर कायमचा दूर निघून जाईल.

मग प्रश्न विचारणारे तरी कोठून येणार? म्हणून मिती तीन, असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. ते चुकीचे नाही. पण अपुरे आहे. मासे पाण्यातच सापडतात, यावरून तळे कोणी खोदले हे कळत नाही.

खरे कारण शोधण्याचा एक प्रयत्न १९८९ मध्ये रॉबर्ट ब्रँडेनबर्गर आणि कुमरुन वाफा यांनी केला. मूलतः सर्व मिती सूक्ष्म होत्या आणि त्यांना तंतूंचे वेढे पडलेले होते. तीन मितींत तंतू एकमेकांना भेटून वेढे सुटतात, त्याहून अधिक मितींत ते सहसा भेटतच नाहीत. त्यामुळे तीनच मिती फैलावल्या, अशी ही उपपत्ती. कल्पना मोठी मोहक आहे. तथापि प्रयोगाचा आधार तिला अद्याप मिळालेला नाही.

उरलेल्या मिती खरोखरच कोठे गुंडाळलेल्या असतील, तर त्यांच्या आकाराएवढ्या अंतरावर व्यस्त वर्गाचा नियम ढळला पाहिजे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात २०२० मध्ये तारेच्या पिळावर चालणाऱ्या नाजूक तराजूने ५२ मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ केसाच्या जाडीइतक्या अंतरापर्यंत तो पडताळला गेला. तो ढळला नाही.