जुना ऑल-इन-वन कॉम्प्युटर भंगारात घालताय? थांबा, आधी आत काय आहे ते बघा

दाखल्यांचे दिवस सुरू झाले की सेवा केंद्राबाहेर रांग लागते. आत टेबलावरचा कॉम्प्युटर चालू केला तर स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहतं. ब्राउझर उघडायला पाच मिनिटं, पीडीएफ सेव्ह व्हायला आणखी दोन. एवढ्यात लाईट जाते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. रांगेतली माणसं केंद्रचालकावर चिडतात, केंद्रचालक कॉम्प्युटरवर.

दहा-बारा वर्षांपूर्वी शाळा, सोसायट्या, ग्रामपंचायती आणि सेवा केंद्रांनी घेतलेले ऑल-इन-वन कॉम्प्युटर अजून बऱ्याच ठिकाणी चालू आहेत. सीपीयूचा वेगळा डबा नाही, वायरींचा गुंता नाही, म्हणून तेव्हा ते घेतले गेले. आता दुकानात दाखवला की पहिलं उत्तर येतं, 'जुना झाला, नवीन घ्या.' काही वेळा ते खरंही असतं. पण स्क्रीन चांगली असेल आणि मशीन नुसतं हळू असेल, तर बहुतेकदा दोष एकाच पार्टचा असतो आणि तो बदलता येतो.

मॉनिटरसारखा दिसतो, आतून लॅपटॉप असतो

ऑल-इन-वनचं मागचं झाकण काढलं की बहुतेक मॉडेलमध्ये लॅपटॉपचेच पार्ट दिसतात. रॅम लॅपटॉपची, आखूड पट्टीची. हार्ड डिस्क बहुतेक अडीच इंची, काही मोठ्या मॉडेलमध्ये साडेतीन इंची. पंखा लहान, आणि वीज बाहेरच्या ॲडॅप्टरमधून. त्यामुळे दुकानदाराने डेस्कटॉपची लांब रॅम हातात दिली तर ती बसणार नाही.

सगळ्यात जास्त खोळंबा करते ती हार्ड डिस्क. तिच्यात तबकडी फिरते आणि एक सुई माहिती शोधत इकडून तिकडे पळते. प्रत्येक वेळी जागा शोधायला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. ऐकायला हे काहीच नाही, पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली वाचाव्या लागतात. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, सगळं चिपवर. तिथे हाच शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा कमी वेळात होतो. म्हणून प्रोसेसर तोच ठेवून फक्त एसएसडी टाकली तरी मशीन ओळखू येत नाही. साध्या साटा एसएसडीचा कमाल वेग सेकंदाला साधारण ५५० एमबी असतो. जुना बोर्ड त्याच्या निम्माच वेग देत असला तरी फरक जाणवतोच.

खात्री करायची असेल तर मिस्त्रीकडे जायची गरज नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात डिस्कसमोर सारखं १०० टक्के दिसत असेल तर डिस्क बदलायची वेळ आली. परफॉर्मन्सच्या पानावर मेमरीवर क्लिक केलं की रॅमचे किती खाचे आहेत आणि किती भरलेत तेही कळतं.

रॅम घेताना होणारी चूक

४ जीबी रॅमवर आजचा ब्राउझर दमतो, ८ जीबी केली की काम सुसह्य होतं. पण डीडीआर३ आणि डीडीआर४ या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, खाचच वेगळ्या ठिकाणी असते. डीडीआर३ मध्येही दोन प्रकार आहेत, १.५ व्होल्टची साधी आणि १.३५ व्होल्टची 'एल'वाली. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरला 'एल'वालीच लागते. ती साधारणपणे १.५ व्होल्टच्या मशीनमध्येही चालते, म्हणून शंका असेल तर तीच घ्यावी. त्यातही जुनी पट्टी काढून दुकानात सोबत नेलेली बरी. आणि एक, विंडोज ३२ बिटची असेल तर ती ४ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही. आधी ६४ बिटची टाकावी लागते, नाहीतर रॅमचे पैसे पाण्यात.

प्रोसेसरचा नाद मात्र सोडावा. स्वस्त ऑल-इन-वनमध्ये तो बोर्डाला झाळलेला असतो, बदलता येत नाही.

डिस्क आणि रॅम बदलायला झाकण उघडलंच आहे, तर आणखी तीन कामं त्याच बैठकीत उरकून घ्यावीत. पंख्यातली धूळ काढायची, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलायची आणि बोर्डावरचा गोल सेल नवा टाकायचा. शेजारी पिठाची गिरणी असेल तर पंखा उघडल्यावर काय निघेल ते सांगायला नको. सेलचं कारण वेगळं आहे. तो उतरला की कॉम्प्युटर बंद केल्यावर तारीख मागे जाते आणि सरकारी पोर्टल 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून उघडतच नाही. कित्येक जण यासाठी इंटरनेटवाल्याशी भांडतात, आणि दोष असतो त्या रुपयाच्या नाण्याएवढ्या सेलचा. बहुतेक मशीनमध्ये सीआर २०३२ नंबरचा सेल लागतो. काही ऑल-इन-वनमध्ये त्याला छोटी वायर आणि पिन असते, तसाच मागून घ्यावा.

उघडताना जपून

ॲडॅप्टर काढून, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरून मगच स्क्रूला हात लावावा. काही मॉडेलचे स्क्रू स्टँडच्या खाली किंवा रबराच्या पायांखाली लपलेले असतात. झाकण हलत नसेल तर जोर लावू नका, एखादा स्क्रू राहिलेला असतो. फार जुन्या स्क्रीनमध्ये प्रकाशासाठी बारीक ट्यूब असते आणि तिच्या सर्किटवर मोठा व्होल्टेज येतो.

शहरातून कुणी ॲपलचा जुना आयमॅक शाळेला भेट दिला असेल तर तो घरी उघडूच नये. त्याचा पॉवर सप्लाय आतच असतो आणि वायर काढल्यावरही काही वेळ त्यात करंट राहतो. २०१२ च्या शेवटी आलेल्या मॉडेलपासून पुढे स्क्रीन चिकटपट्टीने चिकटवलेली आहे, ओढली की काच गेली. २०११ च्या आसपासच्या मॉडेलमध्ये दुसरी डिस्क बसवली की पंखा पूर्ण वेगाने घोंगावत राहतो, कारण मशीन तापमान त्या मूळ डिस्ककडूनच घेतं. हे काम माहितगार माणसाकडेच द्यावं.

बोर्डच गेला असेल तर?

तेव्हा स्क्रीनचा तरी उपयोग होतो. पॅनेलच्या पाठीवर त्याचा मॉडेल नंबर असतो. त्या नंबरला जुळणारा कंट्रोलर बोर्ड बसवला की तिचा साधा मॉनिटर होतो आणि मागे छोटा मिनी पीसी लावता येतो. नंबर न बघता बोर्ड मागवला तर स्क्रीन काळीच राहील. काही ऑल-इन-वनला मुळातच 'एचडीएमआय इन' असा खाचा असतो, तिथे हा खटाटोप लागत नाही. मात्र 'आउट' लिहिलेल्या खाच्यातून बाहेरचं चित्र आत येत नाही, हे विसरू नये.

आता विंडोजचं. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळू शकतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे दहा-बारा वर्षांचं मशीन एसएसडी टाकूनही त्यात अधिकृतपणे बसत नाही. शाळेतल्या मुलांना शिकवायला, हिशेब आणि अर्ज लिहायला मोफत लिनक्स मिंट किंवा उबुंटू उत्तम चालतं, मराठी टायपिंगसकट. पण सेवा केंद्रात अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीची चावी लागते. त्यांचे ड्रायव्हर लिनक्सवर चालतात का ते आधी विचारा. चालत नसतील तर अशा केंद्राने जुन्या मशीनवर फार खर्च करण्यात अर्थ नाही. तिथे पैशांचे व्यवहार होतात, अपडेट नसलेलं मशीन परवडत नाही. ते मशीन शाळेला द्यावं आणि केंद्रासाठी दुसरं बघावं.

फक्त डिस्क बदलली तर विंडोजचं लायसन्स जात नाही, कारण ते मदरबोर्डाशी जोडलेलं असतं. बोर्ड बदलला तर मात्र अडचण येते. एसएसडी पक्क्या बिलावर, वॉरंटीसहच घ्यावी. ऑनलाइन फार स्वस्तात '२ टीबी' म्हणून मिळणाऱ्या कित्येक डिस्क आतून जेमतेम मेमरी कार्डाएवढ्या निघतात.

राहिली जुनी हार्ड डिस्क. दुकानदार म्हणतो, 'जुनी ठेवून जा, थोडे पैसे कमी करतो.' सेवा केंद्राच्या डिस्कवर गावातल्या शेकडो लोकांचे आधार, पासबुक, उत्पन्नाचे दाखले, फोटो असतात. साधा फॉरमॅट मारल्याने ते पुसले जात नाहीत, मोफत सॉफ्टवेअरने परत काढता येतात. काम झालं की डिस्क मागून घ्या. ती चांगली असेल तर केसिंगमध्ये घालून बॅकअपसाठी कपाटात, कुलपात ठेवा. बिघडलेली असेल तर झाकण उघडून तबकडी फोडा, मगच ई-कचऱ्यात द्या.