विषाणू गेला, पण नोंद तशीच राहिली

संगणकातला विषाणू शोधून पुसून टाकला आणि संगणक पुन्हा सुरू केला. आता सारे सुरळीत व्हायला हवे. पण कोणत्याही प्रोग्रॅमवर क्लिक केले, की 'फाइल सापडत नाही' एवढाच निरोप मिळतो. विषाणू तर गेला. मग बिघडले काय?

आधी एक साधा प्रश्न पाहू. क्लिक केलेली फाइल कशाने उघडायची, हे विंडोजला कसे कळते? त्यासाठी ते फाइलच्या आत डोकावत नाही. नावाच्या शेवटी, टिंबानंतर असलेली अक्षरे पाहते. 'टीएक्सटी' असेल तर नोटपॅड उघडते. अशा जोड्या 'रजिस्ट्री' नावाच्या नोंदवहीत लिहिलेल्या असतात. खुद्द प्रोग्रॅमचे शेपूट म्हणजे 'ईएक्सई'. त्याची नोंदही तिथेच असते आणि तिचा अर्थ एवढाच, की 'मागितलेली फाइल चालव'.

१९९९ साली ई-मेलमधून पसरलेल्या 'प्रेटी पार्क' या घातक प्रोग्रॅमने नेमकी हीच नोंद बदलली. त्याने स्वतःची प्रत विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये ठेवली आणि प्रत्येक प्रोग्रॅमच्या आधी ती चालेल अशी व्यवस्था केली. २००१ च्या 'सरकॅम'नेही हीच युक्ती वापरली. जणू शाळेच्या फाटकावर खोटा पहारेकरी बसला. घाईने ती प्रत पुसली, की पहारेकरी जातो; पण 'त्याला विचारूनच आत सोडा' हा हुकूम कायम राहतो. म्हणून आधी नोंद सुधारायची आणि मगच फाइल पुसायची.

क्रम चुकलाच तर? नोंदवही उघडणारा 'रेजएडिट' हाही 'ईएक्सई'च! म्हणजे किल्ली कुलपाच्या आतच राहिली. विंडोज ९८ वर यातून वाट होती. 'कमांड' लिहून डॉसची खिडकी उघडायची (ती 'कॉम' शेपटाची असल्याने उघडते), रेजएडिटची 'कॉम' शेपटाची प्रत करायची आणि ती चालवायची. 'कॉम'ची नोंद वेगळी असल्याने ती शाबूत असे. मग 'ईएक्सई'च्या नोंदीत मूळ मजकूर भरायचा: अवतरणचिन्हांत टक्क्याचे चिन्ह व १, एक जागा सोडून टक्क्याचे चिन्ह व तारका.

शेपूट बदलूनही प्रोग्रॅम कसा चालला? कारण नाव बदलल्याने आतला मजकूर बदलत नाही. प्रोग्रॅमच्या फाइलीची पहिली दोन अक्षरे 'एम' व 'झेड' असतात. प्रत्यक्ष चालवताना विंडोज ती ओळखते.

वर्गात हे सहज दाखवता येईल. नोटपॅडमध्ये चार ओळी लिहून फाइलची एक प्रत करा. नावांची शेपटे दिसतील अशी सोय करून प्रतीला तीन निरर्थक अक्षरांचे शेपूट द्या. क्लिक केल्यावर विंडोज विचारेल, 'ही कशाने उघडू?' नोटपॅड सांगा. चारही ओळी जशाच्या तशा दिसतील. फाइल बिघडणे आणि फाइलची नोंद बिघडणे यांतला फरक विद्यार्थ्यांना तेव्हा स्वतःच कळेल.