शिकारी कुत्र्याचे नाक आणि तालीम

चार्ल्स डार्विनचा तरुण स्नेही आणि प्राण्यांच्या बुद्धीचा चिकित्सक अभ्यासक जॉर्ज रोमॅनेस याने १८८७ साली आपल्या सेटर जातीच्या शिकारी कुत्रीवरील काही प्रयोगांची हकिकत प्रसिद्ध केली. आसपासची सारी माणसे जमवून त्याने बारा जणांची एक रांग केली. अग्रभागी तो स्वतः, शेवटी शिकारीच्या रानाचा राखणदार, आणि मधल्या प्रत्येकाला सक्त ताकीद अशी की, पुढच्याच्या पावलाच्या ठशावरच आपले पाऊल टाकावयाचे. दोनशे यार्ड चालून गेल्यावर रोमॅनेस पाच माणसांसह उजवीकडे वळला, सातव्या माणसाने उरलेल्यांना घेऊन डावी वाट धरली, आणि दोन्ही टोळ्या दूरवर जाऊन दडून बसल्या. मग कुत्रीला त्या सामाईक मागावर सोडण्यात आले. वेगाच्या भरात ती फाट्याच्या थोडी पुढे निघून गेली, परंतु तत्क्षणी मागे फिरली आणि यत्किंचितही न घुटमळता उजव्या वाटेने धन्याकडे धावली. धन्याचा वास सर्वांच्या आधी पडलेला, अर्थात सर्वांच्या तळाशी, आणि त्यावर इतरांच्या पावलांचे थर. तरीही तिने तो नेमका निवडून काढला.

रोमॅनेस एवढ्यावर थांबला नाही. त्याने दुसऱ्या माणसाशी बुटांची अदलाबदल केली, तेव्हा कुत्री धन्याचे बूट घातलेल्या परक्याच्या मागे गेली आणि परक्याचे बूट घातलेल्या धन्याकडे तिने साफ दुर्लक्ष केले. नंतर त्याने आपल्या बुटांच्या तळव्यांना जाड कागद चिकटवून फेरी मारली. त्या मागाची कुत्रीने दखलच घेतली नाही. मात्र ज्या ठिकाणी एका टाचेवरचा कागद झिजून चामड्याचा अगदी लहानसा तुकडा जमिनीला लागू लागला होता, त्या ठिकाणी येताच ती मागाला लागली.

हे प्रयोग श्वानाच्या नाकाची थोरवी सांगण्यासाठी वारंवार उद्धृत होतात, आणि ते रास्तही आहे. पण मला त्यांतील दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. बाराही जणांचे वास त्या कुत्रीच्या नाकात शिरत होते. त्यांपैकी अकरांचा तिने विचार केला नाही, कारण त्यांच्यामागे जाण्यात तिला कसलेच स्वारस्य नव्हते. घ्राणेंद्रियाची तीक्ष्णता ही एक गोष्ट आणि त्या इंद्रियाने आणून दिलेल्या वार्तेपैकी कोणती दखलपात्र मानावयाची हा निवाडा ही अगदी निराळी गोष्ट होय. आणि शिकारी कुत्र्याच्या कौशल्यात जन्माचा वाटा किती व तालमीचा किती, हा जुना वाद या भेदाकडे काणाडोळा केल्यामुळेच इतका लांबला, असे माझे मत आहे.

इंद्रियाची रचना विलक्षण आहे, यात शंका नाही. माणसात वास ओळखणारी सुमारे चारशे जनुके कार्यक्षम आहेत, तर कुत्र्यात ती आठशेहून अधिक आढळतात. हुंगताना कुत्रा सेकंदाला पाचेक वेळा श्वास आत ओढतो, आणि त्या हवेचा सुमारे आठवा हिस्सा फुप्फुसाची वाट सोडून नाकाच्या मागील टोकाशी असलेल्या, पातळ अस्थींच्या वळ्यावळ्यांनी भरलेल्या एका कोनाड्यात शिरतो. बाहेर पडणारी हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागे फेकली जाते, त्यामुळे समोरचा वास उधळून जात नाही. परंतु ही सारी व्यवस्था थोड्याफार फरकाने सर्वच कुत्र्यांत आहे. नाक आणि मेंदू यांच्यामध्ये एक सच्छिद्र अस्थिपटल असते व त्यातून घ्राणतंतू मेंदूकडे जातात. त्याच्या मोजमापावरून २०२१ साली असे दिसून आले की, देहमानाच्या प्रमाणात पाळीव कुत्र्यांचे हे पटल लांडग्यांच्या पटलाहून लहान असते, आणि माग काढण्यासाठी ख्यातनाम असलेल्या जातींचे ते इतर जातींहून मोठे मुळीच नसते. शतकानुशतके निवड करून माणसाने कुत्र्याचे नाक वाढविले, ही समजूत निदान या पुराव्यापुढे टिकत नाही.

मग माणसाने निवडले काय? अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी एक एकराच्या शेतात उंदीर सोडून वेगवेगळ्या जातींची कुत्री त्याच्या शोधास लावली. बीगल कुत्र्यांनी तो मिनिटाभरात हुडकला, फॉक्स टेरियरांना पंधरा मिनिटे लागली, आणि स्कॉटिश टेरियरांना तो सापडलाच नाही. याउलट २०१५ साली फ्लोरिडात झालेल्या परीक्षेत, जिथे धावणे नव्हते आणि ठराविक वासाची पेटी ओळखल्यास खाऊ मिळत असे, तिथे चपट्या नाकाच्या पग कुत्र्यांनी जर्मन शेफर्डांना मागे टाकले. ग्रेहाउंडांपैकी बहुतेकांनी तर परीक्षेत भागच घेतला नाही. ग्रेहाउंड नजरेने सावज धरणारा, आपल्याकडील कारवानी किंवा मुधोळ कुत्र्यांच्या कुळीचा. पेटीत नाक खुपसण्याची त्याला उपजत हौसच नाही. बीगलला नेमकी तीच हौस आहे, आणि जमिनीला नाक लावून तासन् तास चालण्याची चिकाटीही आहे. वंशपरंपरेने उतरते ती मुख्यतः ही ओढ. त्यातही एकाच जातीतील दोन कुत्र्यांमधला फरक वारशाने आला, असे छातीठोकपणे सांगण्याची सोय नाही. फिनलंड आणि नॉर्वेतील शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धांतील गुणांची छाननी केली असता आनुवंशिकतेचा हिस्सा बहुधा अल्पच निघाला, कारण त्या दिवशीचा वारा, रानातील सावजाची संख्या आणि धन्याचा वकूब हे सारे त्या गुणांत मिसळलेले असते.

तालमीचे काम इथे सुरू होते. इंग्लंडात ह्यूगो मेनेलने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्वॉर्नच्या शिकारखान्यात फॉक्सहाउंडांची पैदास नावारूपास आणली, तरी कोणतेही पिल्लू कोल्ह्याचा माग काढण्याचे शिक्षण घेऊन जन्मास आले नाही. कचेरीत नवा उमेदवार जुन्या कारकुनाच्या हाताखाली द्यावा, तसे हे तरुण कुत्रे शरद ऋतूत अनुभवी कुत्र्यांच्या कळपात सोडले जात. त्यांना कोल्ह्याचा वास शिकविण्याला फारसे कष्ट पडत नसत. खरी मेहनत असे ती हरीण, ससा आणि मेंढी यांचे तितकेच ताजे आणि तितकेच मोहक वास सोडून देण्यास शिकविण्याची. हुंगून पाहिलेल्या पण मागे न लागलेल्या वासांचा हिशेब कुणी ठेवत नाही, म्हणून तालमीचा हा भाग प्रेक्षकाच्या ध्यानात येत नाही.

इतके शिकूनही शरीर तयार नसेल तर नाक ऐन वेळी दगा देते. नॉर्वेतील संशोधकांनी शिकारीवर धावणाऱ्या कुत्र्यांच्या नाकातोंडातील हवेचा प्रवाह मोजला, तेव्हा असे आढळले की, वाऱ्यासमोर मान उंच धरून धावणारा कुत्रा तोंडाने श्वासोच्छ्वास चालू ठेवूनही नाकातून हवेचा अखंड ओघ आत घेऊ शकतो, आणि हा ओघ तीस-चाळीस सेकंदांपर्यंत, म्हणजे तिसाहून अधिक श्वासांच्या अवधीत, खंडित होत नाही. मात्र दमछाक झालेल्या कुत्र्याची सारी धडपड अंग थंड करण्याकडे लागते आणि हुंगणे मागे पडते. पॉइंटर कुत्र्यांवरील प्रयोगांतही व्यायामाची सवय नसलेल्यांची वास ओळखण्याची शक्ती श्रमानंतर घटली, सराव असलेल्यांची बव्हंशी टिकली. हंगामाच्या आधी काही आठवडे कुत्र्यांना रोज मैलोगणती फिरविण्याचा जो दस्तूर जुन्या शिकारखान्यांत होता, तो पायांसाठी आहे असे तिथले चाकर समजत. त्याचा निम्मा लाभ नाकाला होत होता.