सूक्ष्मजंतूंचे आसंजन
सूक्ष्मजंतूंचे आसंजन : मनुष्य व इतर सस्तन प्राणी यांच्या कोशिकांना सूक्ष्मजंतू चिकटून राहण्याच्या क्रियेस आसंजन म्हणतात. सूक्ष्मजंतू शरीराच्या ज्या पृष्ठभागांवर प्रथम येतात, त्यांपैकी बरेच सतत धुतले जात असतात. तोंडातील लाळ, श्वासमार्गातून वर लोटला जाणारा श्लेष्मा, आतड्याचे आकुंचन व मूत्राचा प्रवाह यांमुळे न चिकटलेले सूक्ष्मजंतू निघून जातात. म्हणून अनेक संसर्गजन्य रोगांत आसंजन ही पहिली पायरी असते. तथापि आसंजन म्हणजे रोग नव्हे. तोंडातील निरुपद्रवी सूक्ष्मजंतूही याच रीतीने आपले स्थान टिकवून असतात.

इतिहास : एश्चेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूमुळे तांबड्या रक्तकोशिकांचे पुंजके बनतात, हे जी. गीयो यांनी १९०८ साली दाखविले. १९५५ साली एडिंबरो येथे जे. पी. ड्यूगिड व त्यांचे सहकारी यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने या क्रियेचा संबंध सूक्ष्मजंतूच्या अंगावरील बारीक तंतूंशी जोडला. या तंतूंना त्यांनी फिंब्रिया हे नाव दिले; पुढे पिली हे नावही रूढ झाले. विद्रावात मॅनोज ही शर्करा मिसळल्यास पुंजके बनत नाहीत, असेही आढळले. त्यावरून तंतू कोशिकेवरील मॅनोजालाच धरतात, हे स्पष्ट झाले.

यंत्रणा : सूक्ष्मजंतू व सस्तन कोशिका या दोहोंच्या पृष्ठभागांवर सामान्यतः ऋण विद्युत् भार असल्याने त्यांच्यात प्रतिसारण होते. सु. ७ नॅनोमीटर जाडीचे व १ ते २ मायक्रोमीटर लांबीचे हे तंतू ते अंतर ओलांडतात. तंतूच्या टोकाशी आसंजक प्रथिन असते आणि ते कोशिकेवरील विशिष्ट रेणूस, म्हणजे ग्राहीस, धरते. एश्चेरिकिया कोलायचे फिम-एच हे आसंजक मूत्राशयाच्या अस्तरावरील मॅनोजयुक्त प्रथिनास धरते. प्रवाहाचा ताण पडला की ही पकड सैल न होता अधिक घट्ट होते. वृक्कापर्यंत पोहोचणाऱ्या वाणांवर बहुधा पी तंतू असतात व ते पी रक्तगटाशी संबंधित शर्करामेदांना चिकटतात. ज्या विरळा व्यक्तींमध्ये हे रेणू नसतात, त्यांच्या कोशिकांना हे तंतू चिकटत नाहीत.

काही सूक्ष्मजंतू आपला ग्राही स्वतःच पुरवितात. अर्भकांना हगवण लावणारे एश्चेरिकिया कोलायचे काही वाण सुईसारख्या रचनेतून टिर हे प्रथिन आतड्याच्या कोशिकेत सोडतात. ते कोशिकापटलात बसते व सूक्ष्मजंतूवरील इंटिमीन त्यास पकडते. नंतर कोशिकेतील ॲक्टिन तंतूंची पुनर्रचना होऊन सूक्ष्मजंतूखाली चौथऱ्यासारखा उंचवटा तयार होतो. टिर प्रथिनाचे हे कार्य १९९७ साली उघड झाले.

जातिविशिष्टता : एखादा सूक्ष्मजंतू एका प्राण्यास बाधतो व दुसऱ्यास बाधत नाही, याचे कारण काही वेळा ग्राहीच्या सूक्ष्म भेदात असते. दूषित अन्नातून येणारा व गर्भवतींना विशेष धोकादायक असलेला लिस्टेरिया मोनोसायटोजेनीझ हा सूक्ष्मजंतू इंटर्नॅलीन या प्रथिनाद्वारे मानवी ई-कॅढेरिनास चिकटतो. मानवी ई-कॅढेरिनात सोळाव्या स्थानी प्रोलीन हे ॲमिनो अम्ल असते. उंदरात तेथे ग्लुटामिक अम्ल असल्याने बंध जुळत नाही. त्यामुळे आतड्यातून होणाऱ्या या संसर्गाच्या अभ्यासात साधा उंदीर दिशाभूल करतो, हे १९९९ साली दिसून आले.

डुकरांच्या नवजात पिलांमधील हगवणीच्या अभ्यासातून आसंजनाचे महत्त्व ठळकपणे प्रस्थापित झाले. के ८८ हे तंतू गमावलेले एश्चेरिकिया कोलाय पिलांना पूर्वीसारखे आजारी करू शकत नाहीत, हे १९७२ साली दाखविण्यात आले. १९७५ साली इंग्लंडमध्ये असेही आढळले की, काही डुकरांच्या आतड्यात के ८८ चा ग्राहीच नसतो आणि हा गुण आनुवंशिक असतो. मात्र अशा मादीच्या आतड्यात सूक्ष्मजंतू न टिकल्याने तिच्या चिकात पुरेसे प्रतिपिंड येत नाहीत. पित्याकडून ग्राही मिळालेली तिची पिले म्हणूनच अधिक धोक्यात असतात.

प्रतिबंध : गाभण डुकरिणीस तंतुप्रथिनांची लस टोचली असता चिकातून मिळणारे प्रतिपिंड पिलांच्या आतड्यात आसंजन रोखतात. गायीस के ९९ तंतूंची लस देऊन वासरांचेही असेच संरक्षण करतात. डांग्या खोकल्याच्या कोशिकाविरहित लशींपैकी अनेकींमध्ये पर्टॅक्टिन व तंतुरूप हीमॅग्लुटिनीन ही आसंजके असतात.

आसंजनरोधक पदार्थ सूक्ष्मजंतूंना मारीत नाहीत. त्यामुळे प्रतिजैविकांच्या तुलनेने रोधक्षम वाणांची निवड कमी होईल, अशी अपेक्षा आहे. परंतु प्रयोगशाळेतील यश रुग्णात उतरतेच असे नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होणाऱ्या स्त्रियांना ब्रिटनमध्ये सहा महिने रोज मॅनोज देऊन केलेल्या व २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लक्षणीय लाभ आढळला नाही. एकाच सूक्ष्मजंतूजवळ अनेक आसंजके असतात व परिस्थितीनुसार तो ती बदलू शकतो, ही या उपायांपुढील मोठी अडचण आहे.