थेंब खाली, गळती वर

नाशिकच्या जुन्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये एमएच-१५ पासिंगची एखादी मारुती ८०० अजूनही दिसते आणि बऱ्याचदा तिच्या पोटाखाली खोक्याचा पुठ्ठाही दिसतो. फरशी काळी झाली की वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे बोलतात, म्हणून ही तजवीज. सकाळी गाडी निघाली की पुठ्ठ्यावर रात्रीचे डाग उरतात आणि येणारा-जाणारा त्यांवरून निदान करतो. एक म्हणतो, सील गेलं. दुसरा म्हणतो, इंजिन उतरवा. तिसरा जास्त अनुभवी. त्याचं म्हणणं, जुनी गाडी आहे, तेल टाकत राहायचं. तिघांपैकी एकानेही बॉनेट उघडलेलं नसतं.

मुळात डाग इंजिन ऑइलचाच आहे का, हे आधी बघावं लागतं. मे महिन्यात एसी चालवून गाडी उभी केली की खाली पडतं ते निव्वळ पाणी. हिरवट किंवा गुलाबीसर, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ ओल दिसली तर ब्रेक ऑइलची शंका घ्यायची, आणि मग गाडी हलवायचीच नाही. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो. एकदा नाकात बसला की विसरत नाही. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं, बोटांत चोळलं की बुळबुळीत.

खरा घोळ पुढे होतो. थेंब जिथे पडतो तिथेच गळती असणार, असं सगळे धरून चालतात. पण तेल वरून खाली ओघळतं आणि गाडी धावताना समोरचा वारा त्याला मागे ढकलतो. मारुती ८००चंच बघा. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली ही गाडी जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती. तिचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. कार्ब्युरेटरच्या जुन्या मॉडेलमध्ये डिस्ट्रिब्युटर हेडच्या एका टोकाला बसतो आणि कॅमशाफ्टवर फिरतो. तिथली रबरी ओ-रिंग उष्णतेने कडक झाली की तेल पाझरतं, बेल हाउसिंगवर उतरतं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून टपकतं. खालून टॉर्च मारणाऱ्याला वाटतं, क्रँकचं मागचं सील गेलं. ते बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवा, क्लच काढा, दिवसभराची मजुरी द्या. एवढं करून डाग पुन्हा तिथेच! ओ-रिंग मात्र चहाच्या पैशांत येते. फक्त डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याच्या बुडाशी खूण करून ठेवायची, नाहीतर इग्निशन टायमिंग बिघडून भलताच खर्च मागे लागतो.

म्हणून चांगला मेकॅनिक पाना उचलण्याआधी ब्रश उचलतो. थंड इंजिनावर डिग्रीझर किंवा थोडं डिझेल लावून काजळी मोकळी करायची, फडक्याने पुसून कोरडं करायचं. डिस्ट्रिब्युटर आणि वायरिंगवर प्रेशरचं पाणी मारायचं नाही. गाडी चालू होणार नाही. मग संशयाच्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरायची, दहा-पंधरा किलोमीटर फिरून यायचं आणि सर्वांत वरचा ओला भाग शोधायचा. पावडरीत उमटलेली तेलाची रेघ थेट उगमाकडे नेते. क्रमही ठरलेला: आधी टॅपेट कव्हरचं पॅकिंग, मग डिस्ट्रिब्युटर, ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टरचं बूड, आणि शेवटी चेंबर व त्याचा ड्रेन प्लग. ड्रेन प्लगचं वॉशर दर सर्व्हिसिंगला बदलायचं असतं. बहुतेक ठिकाणी तेच पुन्हा आवळतात. या साफसफाईला तासभर जातो, आणि गिऱ्हाईक तासाचे पैसे द्यायला कुरकुर करतं. गिअरबॉक्स उतरवल्याचे मात्र निमूट देतं.

सील बदललं, तरी महिन्याभरात पुन्हा गळू लागलं, तर सीलच्या दर्जाला शिव्या देण्याआधी इंजिनाचा श्वास बघावा. नाशिक भागाने हे जवळून पाहिलं आहे. प्यूजोच्या परवान्यावर महिंद्राने जे एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन बनवलं, ते इगतपुरीच्या कारखान्यातलं. २,११२ सीसीचं हे इंजिन असलेल्या जीपगाड्या गावोगाव भरून वाहत होत्या. अशा वापरात रिंगा झिजल्या की जळका वायू पिस्टनच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये शिरतो. गॅरेजची भाषा त्याला ‘बॅक कम्प्रेशन’ म्हणते. बाहेर पडायची वाट, म्हणजे ब्रीदरची नळी, काजळीने तुंबली असेल तर आतला दाब वाढतो आणि तेल सर्वांत कमजोर सीलमधून बाहेर ढकललं जातं. सील बिचारं निर्दोष असतं. इंजिन आयडलिंगला ठेवून तेल भरायचं झाकण उघडावं. धुराचे जोरदार भपके आले तर आधी ब्रीदर साफ करावा. तरी भपके थांबले नाहीत तर रिंगांचा विचार. पेट्रोल गाडीत हेच काम पीसीव्ही व्हॉल्व्ह करतो आणि तोही तितकाच दुर्लक्षित असतो.

आता घट्ट तेलाचा उपाय. ‘२०डब्ल्यू-५० टाका, गळणार नाही,’ हा सल्ला फुकट मिळतो. घट्ट तेल भोकातून जरा सावकाश येतं, एवढंच. डिसेंबरात नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा थंड इंजिनात ते वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोहोचायलाही वेळ लावतं, आणि इंजिनाची झीज याच सुरुवातीच्या काळात जास्त होते. गळती थांबवणारी बाटलीबंद औषधं रबर फुगवतात. कडक झालेल्या सीलला त्यांनी थोडे दिवस आराम पडतो. फाटलेल्या पॅकिंगवर त्यांचा काही इलाज चालत नाही.

आवळण्याचंही तसंच. टॅपेट कव्हरचे बोल्ट जोर लावून आवळले की पत्र्याची कड वाकते, कॉर्कचं पॅकिंग चेपून बाहेर येतं आणि गळती दुप्पट होते. या बोल्टांना फार थोडा टॉर्क पुरतो, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाचा जोर. वरून सिलिकॉन थापणं त्याहून वाईट. आतल्या बाजूला आलेले त्याचे गोळे सुटून चेंबरमध्ये पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात. गळणारं इंजिन दुरुस्त होतं. तेलावाचून जाम झालेल्याला मशीनशॉप दाखवावं लागतं.

‘लाल दिवा लागला नाही, म्हणजे तेल आहे,’ हा समज सर्वांत महागात पडतो. तो दिवा तेलाच्या दाबाचा आहे, पातळीचा नव्हे. दर दहा सेकंदांना एक थेंब धरला तर तासाला सुमारे १८ मिलिलिटर तेल जातं. मुंबईला जाऊन-येऊन आठ तासांत जवळपास दीडशे. छोट्या इंजिनात तेल मावतं जेमतेम तीन लिटर, म्हणजे अशा पाच-सहा फेऱ्यांत त्यातला साधारण चौथा हिस्सा संपतो. पातळी खाली गेलेली गाडी सपाटीवर गुपचूप चालते. कसारा घाटात चढ-वळणावर तेल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि दिवा लुकलुकतो, तोवर बेअरिंगला झळ लागलेली असते. तेल एक्झॉस्टवर ठिबकत असेल तर जळका वास आधी गाडीच्या आत येतो. त्या वासाकडे काणाडोळा केला तर आगीचा धोका असतो.

डिपस्टिक बघायची ती सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, आधी एकदा पुसून. दुरुस्ती झाल्यावर जुना पुठ्ठा फेकून नवा टाकायचा आणि गाडीचं तोंड कुठल्या बाजूला होतं ते त्यावर पेनाने लिहून ठेवायचं. पहिल्या रात्री एक-दोन थेंब दिसले तरी लगेच गॅरेज गाठायची घाई नको. चेसिसच्या खाचांत अडकलेलं जुनं तेल दोन-तीन दिवस उतरत राहतं.