शहरातील उद्याने आणि मुलांची सहल

बंगळूरच्या आग्नेयेस कोरमंगलपासून निघणारा व आगर, इब्बलूर, कैकोंद्रहळ्ळी, दोम्मसंद्र ही गावे मागे टाकीत सर्जापूरला पोहोचणारा रस्ता एका पिढीपूर्वी नाचणीच्या शेतांतून व तळ्यांच्या बांधांवरून जात असे. आज त्याच्या दोन्ही अंगांस उंच इमारतींची रांग उभी आहे. संगणक-उद्योगातील नोकरीनिमित्त भारताच्या सर्व भागांतून आलेली कुटुंबे तीत राहतात, आणि त्यांत पुण्या-मुंबईकडील, नागपूर-कोल्हापूरकडील मराठी घरेही आहेत. या घरांतील मुलांना खेळावयास जागा नाही असे म्हणता येणार नाही. बहुतेक इमारतींच्या आवारात हिरवळीचा एक चौकोन, दोन घसरगुंड्या आणि एक पहारेकरी असतो. परंतु त्या चौकोनात चिखल नाही, गाय नाही, अनोळखी मूल नाही. म्हणूनच रविवारी मुलांना घेऊन कोठे जावे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नव्हे.

उद्यान निवडताना पालकांची पहिली चूक अशी, की ते उद्यानाच्या कीर्तीकडे पाहतात, मुलाच्या वयाकडे पाहत नाहीत. तीन वर्षांच्या मुलाला दोनशे चाळीस एकरांच्या लालबागेचा काही उपयोग नाही. त्याला हवी असते सावली, थोडी माती, आणि आई सतत दिसेल इतकीच जागा. सहा-सात वर्षांच्या मुलाला चढावयास व उडी मारावयास काही तरी लागते. दहा वर्षांच्या मुलाला घसरगुंडी बालिश वाटू लागलेली असते. त्याला शोधण्यासारखे, विचारण्यासारखे काही हवे असते. घरात दोन वयांची मुले असतील तर जागा निवडावी ती धाकट्याच्या सोयीची, आणि बरोबर न्यावयाचे साहित्य मोठ्याच्या आवडीचे. याच्या उलट केले की धाकटे रडते व सर्वांनाच दुपारच्या आत घरी परतावे लागते.

दुसरी गोष्ट अंतराची. सर्जापूर रस्त्यावरील वाहनांची कोंडी सुप्रसिद्ध आहे. सकाळी नऊनंतर निघालेले कुटुंब कब्बन पार्कला पोहोचेपर्यंत मुलांचा निम्मा उत्साह गाडीतच संपून गेलेला असतो. या रस्त्यावरून मेट्रो अद्याप धावत नाही. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये पिवळी मार्गिका सुरू झाल्यापासून सिल्क बोर्डपर्यंत जाऊन तेथून मेट्रोने आर. व्ही. रोड, व तेथे हिरव्या मार्गिकेत बदलून लालबाग स्थानक गाठता येते. मुलांच्या दृष्टीने हा प्रवास हाच सहलीचा अर्धा भाग ठरतो. पुण्याच्या पेशवे उद्यानात १९५६ मध्ये सुरू झालेल्या ‘फुलराणी’साठी मुले ज्या उत्सुकतेने रांगेत उभी राहत, तिची आठवण ज्यांना आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

लालबागेची मुहूर्तमेढ १७६० मध्ये हैदर अलीने रोवली व टिपू सुलतानाने तिचा विस्तार केला. तेथील काचघराची कोनशिला १८८९ मध्ये बसविण्यात आली. प्रजासत्ताकदिन व स्वातंत्र्यदिन या सुमारास भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनांच्या वेळी मात्र लहान मुलांना तेथे नेणे म्हणजे त्यांना मोठ्या माणसांच्या गुडघ्यांचे प्रदर्शन दाखविणे होय. इतर दिवशी लालबागेचे खरे आकर्षण फुलांत नसून तेथील उघड्या खडकात आहे. सुमारे तीनशे कोटी वर्षे वयाचा हा खडक मुलांना अनवाणी चढता येतो. पृथ्वीचे वय हा शब्द पाठ्यपुस्तकात वाचण्यापूर्वी तळपायांना ठाऊक व्हावा, याहून चांगला भूशास्त्राचा पाठ दुसरा नाही. तरीही लालबाग हे मुळात वनस्पतींचे उद्यान आहे, जेवणाची पंगत मांडण्याचे कुरण नव्हे. फाटकावरील नियमांचा फलक वाचूनच डब्याचा बेत ठरवावा.

कब्बन पार्कची आखणी १८७० मध्ये म्हैसूर राज्याचे मुख्य अभियंता रिचर्ड सॅन्की यांनी केली. आरंभी सुमारे शंभर एकर असलेले हे उद्यान पुढे जवळजवळ तीनशे एकरांपर्यंत वाढले. रविवारी त्यातील रस्ते वाहनांना बंद असतात. सायकल शिकणाऱ्या मुलासाठी ही मोठीच पर्वणी होय. जवळच विश्वेश्वरय्या औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालय असल्यामुळे अचानक पाऊस आला तरी दिवस फुकट जात नाही. बाणेरघट्ट येथील प्राणिसंग्रहालय व फुलपाखरांचे उद्यान यांना पूर्ण दिवस लागतो, आणि मंगळवारी ते बंद असते. शाळेच्या सुटीत मंगळवार गाठून तेथवर गेलेल्या कुटुंबाची निराशा वर्णन करण्याची आवश्यकता नाही.

परंतु सर्जापूर रस्त्यावरील कुटुंबाला सहलीसाठी इतके दूर जाण्याचे कारणच काय? या रस्त्याची खरी उद्याने म्हणजे त्याच्या काठची तळी. बंगळूरला बारमाही नदी नाही. म्हणून पूर्वजांनी उतारावर एकाखाली एक अशी तळी बांधली. एक भरले की त्याचे पाणी कालव्याने पुढच्यात उतरे. कैकोंद्रहळ्ळीच्या तळ्याचे पाणी सौल तळ्यात, तेथून बेळ्ळंदूरच्या विशाल तलावात, पुढे वर्तूर तलावात व शेवटी दक्षिण पिनाकिनी नदीत जाते. या साखळीचा एक दुवा बिघडला तर काय होते, हे शहराने पाहिले आहे. प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्यामुळे बेळ्ळंदूर तलावावर फेसाचे डोंगर तरंगू लागले आणि २०१५, २०१७ व २०१८ या वर्षांत त्या तलावात आगी लागल्या. सप्टेंबर २०२२ मधील अतिवृष्टीत, जुने जलमार्ग बुजवून बांधलेल्या याच परिसरातील वसाहतींत पाणी शिरले व सुखवस्तू कुटुंबांना ट्रॅक्टरवर बसवून बाहेर काढावे लागले. त्या दिवसांत ट्रॅक्टरवर बसलेल्या मुलांपैकी कित्येकांना, आपल्या घराच्या जागी पूर्वी पाण्याची वाट होती, हे बहुधा प्रथमच कळले असेल.

कैकोंद्रहळ्ळीच्या तळ्याची कथा याहून निराळी आहे. सुमारे अठ्ठेचाळीस एकरांचे हे तळे इमारतींच्या लाटेत आटत व घाणीने भरत चालले होते. २००९ च्या सुमारास परिसरातील रहिवासी, अभ्यासक व ग्रामस्थ यांनी तत्कालीन बृहत् बंगळूर महानगरपालिकेकडे पाठपुरावा करून त्याचा जीर्णोद्धार घडवून आणला. पुढे नागरिकांच्या न्यासाने त्याच्या देखभालीत भाग घेतला. परिस्थितिविज्ञानाच्या अभ्यासक हरिणी नागेंद्र यांनी या कामात स्वतः भाग घेतला व बंगळूरच्या निसर्गावरील आपल्या लेखनात त्याची चर्चा केली आहे. त्यांच्या विवेचनातील एक मुद्दा सहलीच्या दृष्टीनेही लक्षात घेण्यासारखा आहे. तळे हे केवळ फिरावयास येणाऱ्यांचे नसते. जनावरांसाठी गवत कापणारे, मासे धरणारे, काठच्या देवस्थानाला येणारे असे त्याचे जुने धनी असतात. सुशोभनाच्या भरात चहूबाजूंनी कुंपण घातले व तिकीट लावले, की पाणी स्वच्छ दिसते पण हे धनी बाहेर फेकले जातात.

मुलांसाठी सहलीची जागा निवडताना ही कसोटी लावून पाहावी. ज्या उद्यानात गवताचा भारा घेऊन जाणारी बाई दिसते, जेथे बांधकामाच्या मजुरांची मुलेही रविवारी झोपाळ्यासाठी रांगेत उभी असतात, त्या उद्यानात मुलाला आवारातील हिरवळीवर न मिळणारे काही तरी मिळते. पहिल्या अर्ध्या तासात थोडी ओढाताण होते. आपला चेंडू द्यावा की न द्यावा, हा प्रश्न मुलापुढे उभा राहतो. पालकांनी येथे घाईने मध्ये पडू नये.

खेळाच्या साधनांविषयी शहरी पालकांचा एक गैरसमज असतो. रंगीत साधने जितकी जास्त तितके उद्यान चांगले, असे त्यांना वाटते. डेन्मार्कचे उद्यानशिल्पी सोरेन्सन यांनी फार पूर्वीच पाहिले होते, की त्यांनी आखलेल्या नेटक्या क्रीडांगणांपेक्षा मुले बांधकामाच्या जागी पडलेल्या फळ्या, विटा व मातीच्या ढिगांतच अधिक रमतात. त्यांच्या कल्पनेवरून १९४३ मध्ये, देश जर्मन अमलाखाली असताना, कोपनहेगनच्या एम्द्रुप भागात टाकाऊ वस्तूंचे पहिले क्रीडांगण उभे राहिले. युद्धानंतर ब्रिटनच्या लेडी ॲलन यांनी ते पाहिले आणि आपल्या देशात बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या मोकळ्या जागांवर तशी क्रीडांगणे व्हावीत म्हणून प्रयत्न केले. सर्जापूर रस्त्यावर फळ्या-विटांची वाण नाही, हे खरे. पण त्यांत खिळेही असतात. तळ्याकाठी करंजाच्या झाडाखाली पडलेल्या शेंगा, वाळक्या काटक्या आणि ओली माती यांवर मात्र एका सकाळचा खेळ सहज निभतो. लोखंडी घसरगुंडी दुपारी तापते, माती तापली तरी हात भाजीत नाही.

तळ्याकाठी जाणाऱ्यांनी पाण्याविषयी मात्र निष्काळजी राहू नये. जीर्णोद्धार झालेल्या तळ्यांचा काठही काही ठिकाणी एकदम खोल होतो. जेवणासाठी जागा निवडताना पाण्यापासून इतके दूर बसावे, की मूल धावत निघाले तरी मोठ्या माणसाला त्याच्या आधी काठ गाठता येईल. सांडपाणी जेथून तळ्यात येते ते तोंड वासावरून ओळखता येते. त्या बाजूला बसू नये व मुलांना पाण्यात हात बुडवू देऊ नये. मोठ्या झाडाखाली चटई पसरण्यापूर्वी वर पाहावे. आग्या मोहोळ असेल तर जागा बदलावी, आणि कोठल्याही कारणाने तेथे धूर करू नये. शक्य असल्यास आदल्या रविवारी त्याच वेळेला घरातील एकाने जाऊन यावे. स्वच्छतागृह उघडे आहे का, भटकी कुत्री किती, सावली कोणत्या बाजूला पडते, हे छापील माहितीत कधीच नसते. तळ्यांची फाटके दिवसभर उघडी राहतीलच असे नाही, म्हणून वेळेचा फलकही याच खेपेला पाहून ठेवावा.

ऋतूंचा विचार केल्यास बंगळूरमध्ये डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वोत्तम. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाची सर येते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे येथील भर पावसाचे महिने होत. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्यांना जुलै संपला की पावसाळा ओसरला असे वाटते आणि ते फसतात.

हिवाळ्याच्या सकाळी आठच्या आत तळ्यावर पोहोचले तर पक्ष्यांची गर्दी दिसते. पाणकावळे पंख पसरून वाळवीत बसलेले असतात, जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यातून डोके काढते, ब्राह्मणी घार घिरट्या घालते. चोचीच्या टोकाला पिवळा व मुळाशी लाल ठिपका असलेल्या बदकाला मराठीत ‘हळदी-कुंकू’ म्हणतात, आणि पांढऱ्या कपाळपट्टीच्या काळ्या पाणपक्ष्याला ‘वारकरी’. शाळेत इंग्रजी व अंगणात कन्नड-हिंदी बोलणाऱ्या मराठी मुलाला ही नावे आजीकडून ऐकताना गंमत वाटते. ठिपका खरोखर हळदीसारखा आहे की नाही, यावर ते वादही घालते. आजी-आजोबा बरोबर असतील तर पाठ टेकता येईल असे बाक जवळ असलेली जागा पाहावी, कारण नावे सांगावयास त्यांना बसून राहावे लागते.

बदकांना पाव टाकण्याची हौस मुलांना असतेच. ती पुरवू नये. पावाने त्यांचे पोट भरते पण पोषण होत नाही, आणि उरलेले तुकडे पाण्यात कुजतात. डब्यात दशम्या, थालीपिठे, चटणी असे न सांडणारे पदार्थ असावेत. कागदी बशांपेक्षा घरातील स्टीलच्या ताटल्या बऱ्या. निघताना त्या मोजून पिशवीत भरण्याचे काम धाकट्याकडे द्यावे.