सवयींची आवर्ती ठेव

बँकेचे सारे व्यवहार आकड्यांवर चालतात. म्हणून आत्मविश्वासासारख्या अमूर्त विषयाचा विचारही एका आकड्यापासून सुरू करणे उचित ठरेल. कसोटी आणि एकदिवसीय असे दोन्ही प्रकारचे आंतरराष्ट्रीय सामने मिळून राहुल द्रविड ६०४ वेळा फलंदाजीस उतरले. त्यांपैकी १९४ डावांत त्यांनी पन्नास किंवा त्याहून अधिक धावा केल्या. उरलेल्या ४१० डावांत त्यांना पन्नाशी गाठता आली नाही. निवृत्तीनंतर एका भाषणात हा हिशेब त्यांनी स्वतःच मांडला होता. जगाने त्यांना यशस्वी फलंदाज मानले. त्यांची स्वतःची खतावणी मात्र सांगते की, यशाच्या दुप्पट वेळा अपेक्षाभंगच वाट्याला आला. तरीही पुढच्या सामन्याची तयारी कधी थांबली नाही.

द्रविड यांचा जन्म ११ जानेवारी १९७३ रोजी इंदूर येथे एका मराठी कुटुंबात झाला. ते वाढले मात्र बंगळुरूमध्ये. वडील जॅम तयार करणाऱ्या कंपनीत नोकरीस होते, त्यावरूनच मित्रांनी त्यांना ‘जॅमी’ हे टोपणनाव दिले. आई वास्तुकलेच्या प्राध्यापिका. नोकरदार, सुशिक्षित, मध्यमवर्गीय अशा या घरात शिक्षणाला महत्त्व असणे स्वाभाविक होते. क्रिकेटचे प्राथमिक धडे त्यांनी बंगळुरूमध्येच केकी तारापोर यांच्या मार्गदर्शनाखाली गिरवले. १९९१ मध्ये पुण्यात महाराष्ट्राविरुद्ध रणजी पदार्पण करताना त्यांनी ८२ धावा केल्या. त्यानंतर भारतीय कसोटी संघाचे दार उघडण्यास पाच वर्षे लागली. जून १९९६ मध्ये लॉर्ड्सवर पहिल्याच कसोटीत त्यांनी ९५ धावा काढल्या.

एवढ्या प्रतीक्षेनंतर मिळालेले स्थानही निश्चिंत नव्हते. १९९८ मध्ये त्यांना एकदिवसीय संघातून वगळण्यात आले आणि सुमारे वर्षभर ते त्या संघाबाहेर राहिले. एकदिवसीय क्रिकेटसाठी आपण खरोखर पात्र आहोत का, ही शंका त्या काळात मनाला छळत होती, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. कसोटीसाठी घडवलेले तंत्र येथे अपुरे पडत होते. शंका उपदेशाने गेली नाही. सराव आणि सुधारणा यांच्या जोरावर ते संघात परतले आणि १९९९ च्या विश्वचषकात ४६१ धावा करून त्या स्पर्धेतील सर्वाधिक धावांचे मानकरी ठरले.

आधी आत्मविश्वास यावा आणि मग कामाला लागावे, असा क्रम अनेकजण मनाशी धरून असतात. प्रत्यक्षात हा क्रम बहुधा उलटा असतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, ‘हे मला जमेल’ ही धारणा सर्वांत भक्कमपणे घडते ती स्वतः केलेल्या आणि साध्य झालेल्या कृतीच्या अनुभवातून. इतरांची शाबासकी त्या मानाने दुबळी ठरते. म्हणजेच आत्मविश्वास हे भांडवल नसून नियमित कृतीवर मिळणारे व्याज आहे.

जानेवारी २००८ मधील सिडनी कसोटीत याचे एक बोलके दृश्य दिसले. धावांचा ओघ आटलेल्या त्या काळात द्रविड १८ धावांवर तब्बल ४० चेंडू अडकून पडले. अखेर एकोणिसावी धाव निघाली, तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि द्रविड यांनीही बॅट उंचावून त्याचा स्वीकार केला. त्या डावात त्यांनी ५३ धावा केल्या. हातातला चेंडू नीट खेळावा, मग पुढचा पाहावा, एवढाच हा नियम होता. त्यांच्या १३,२८८ कसोटी धावांमागे खेळून काढलेले ३१,२५८ चेंडू आहेत. कसोटी क्रिकेटमध्ये एवढे चेंडू दुसऱ्या कोणीही खेळलेले नाहीत.

सर्वसामान्य माणसाला विश्वचषक खेळावयाचा नसतो. त्याला पहाटे फिरावयास जायचे असते, बढतीच्या परीक्षेचा अभ्यास करायचा असतो किंवा घरखर्चाची वही लिहायची असते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ व्यक्तींच्या अशाच लहान सवयींचा अभ्यास केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागतात, मात्र व्यक्ती आणि कृतीनुसार हा काळ १८ ते २५४ दिवसांपर्यंत बदलू शकतो, असे त्यांना आढळले. एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीत फारसा खंड पडत नाही, हा त्यातील निष्कर्ष विशेष दिलासा देणारा आहे.

आवर्ती ठेवीच्या खातेदारास हे नव्याने सांगावयास नको. एखादा हप्ता चुकला म्हणून कोणी खाते बंद करीत नाही. किरकोळ दंड भरून पुढचा हप्ता वेळेवर भरतो. सवयींच्या बाबतीत मात्र तोच मनुष्य दोन दिवस चुकताच ‘हे आपल्याच्याने होणार नाही’ असा निवाडा देऊन मोकळा होतो. म्हणून हप्ता लहान, म्हणजे सहज पेलेल एवढाच ठेवावा. सकाळचा चहा किंवा दिवेलागण अशा ठरलेल्या प्रसंगाला तो जोडावा. आणि भरलेल्या हप्त्याची नोंद वहीत करावी. मन साशंक झाले की ती वहीच पुराव्यास उभी राहते.

सवय सर्वशक्तिमान नसते, हेही तितकेच खरे. २०११ च्या इंग्लंड दौऱ्यात वयाच्या अडतिसाव्या वर्षी द्रविड यांनी चार कसोटींत तीन शतके झळकावली; लगेचच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ते वारंवार त्रिफळाचित झाले. ९ मार्च २०१२ रोजी बंगळुरूमध्येच त्यांनी निवृत्ती जाहीर केली. पुढे प्रशिक्षक म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील पराभव त्यांनी पाहिला आणि २९ जून २०२४ रोजी टी-२० विश्वचषकाचे विजेतेपदही.

यश कोणत्या डावात मिळेल हे कोणाच्याच हाती नसते. पुढच्या डावाची तयारी तेवढी हाती असते. थेंबे थेंबे तळे साचे, हे बचतीइतकेच मनोबलालाही लागू आहे. आजचा हप्ता मात्र आजच भरावयास हवा.